दोन किल्ल्यांची तिजोरी



ठेवींवरील व्याज, वारसनोंद, मृत्युपत्र, भागीदारीतील हिशेब हे या सदराचे नेहमीचे विषय. या वेळचा विषय त्या मानाने परका वाटेल. परंतु गेल्या महिन्यात आलेल्या एका पत्राने तो आपल्या उंबरठ्याशी आणून ठेवला आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील एका व्यापारी घराण्यातील आहेत. त्यांच्या अनुमतीने, ओळख उघड होणार नाही अशा बेताने, पत्राचा आशय येथे देतो.

त्यांचा २७ वर्षांचा मुलगा पुण्यास नोकरी करतो. वडिलांच्या आकस्मिक निधनानंतर त्याला उदासीनतेने घेरले. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या दोन वर्षांपासून चालू आहेत. बरे आहे, पण पुरते बरे नाही. आता मित्रांच्या सांगण्यावरून तो एका तीन दिवसांच्या शिबिरास जाऊ इच्छितो. डोंगरातील एका फार्महाउसवर रात्री परदेशी वनस्पतीचा काढा पाजतात, मंत्रगायन चालते, आणि 'दहा वर्षांच्या ध्यानाचे फळ एका रात्रीत' मिळते, असे त्यास सांगण्यात आले आहे. शुल्क ४५ हजार रुपये. सूचना अशा: दोन आठवडे आधी गोळ्या बंद कराव्यात, पोहोचताच मोबाइल जमा करावा, 'जे होईल त्यास मीच जबाबदार' या कागदावर सही करावी, आणि घरी फारशी चर्चा करू नये. पत्राच्या अखेरीस, जाता जाता सांगावे तसे ताईंनी लिहिले आहे की, मुलाच्या सख्ख्या काकांना तरुणपणी वेडाचे झटके येत. शिबिराच्या अर्जात त्याविषयी एक ओळही विचारलेली नाही. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: हा धर्म आहे की व्यसन? धर्म असेल तर मी आड कशी येऊ, आणि व्यसन असेल तर कमावत्या मुलाला थांबवू कशी?

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. या पदार्थांना सायकेडेलिक म्हणतात. दारूने भान मंदावते, अफूने गुंगी येते. यांचे काम निराळे आहे. मेक्सिकोतील काही अळंब्यांमध्ये असणारे सायलोसायबिन, अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील आयाहुआस्का नावाचा काढा, प्रयोगशाळेत तयार झालेले एलएसडी, ही याच कुळातील. घेणारा जागा असतो, परंतु आपण आणि जग यांच्यामधली भिंत काही तास विरघळल्यासारखी होते. कोणाला अपार शांती लाभते, कोणाला दिवंगत आप्त भेटल्यासारखे वाटते, कोणाला प्रत्यक्ष नरक दिसतो. त्या तासांत माणूस लहान मुलाइतका परस्वाधीन असतो आणि जवळ बसलेला जे सांगेल ते त्याच्या मनात फार खोल उतरते. ही शेवटची गोष्ट कृपया लक्षात ठेवावी; पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे.

तो अनुभव सत्य की आभास, या वादात मी पडत नाही. मद्य सप्तव्यसनांत मोडते हे आपण बालपणापासून जाणतो. या काढ्याची गणना कशात करावी याचा निर्णय पूज्य साधु-साध्वींनी द्यावा. माझा प्रश्न पेढीवरचा आहे. ठेवीदाराची ठेव जिथे ठेवली जाते तिथे तिचा ताबा कोणाकडे असतो, आणि ताबा घेणाऱ्यावर नजर कोणाची असते?

बँकेच्या शाखेतील स्ट्राँगरूम एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघांनी एकत्र जायचे, एकत्र मोजायचे, एकत्र सही करायची. तुमच्या लॉकरचेही तेच: एक किल्ली तुमची, एक बँकेची. एका शाखेत ज्या हेड कॅशियरांसह मी ही जोडकिल्ली सात वर्षे सांभाळली, ते मला वडील बंधूंसारखे होते. आमची मुले आठवडाभर मी त्यांच्या घरी निर्धास्त ठेवली असती. पण माझी किल्ली दहा मिनिटांसाठीही त्यांना दिली नाही, आणि त्यांनी ती कधी मागितली नाही. यात अविश्वासाचा प्रश्नच नव्हता. उघड्या तिजोरीसमोर कोणालाही एकटे सोडू नये, सज्जनाला तर मुळीच नाही, एवढाच त्यामागील विचार. ज्याचे मन पाच-सहा तास उघडे पडणार आहे, त्याच्याजवळ बसणारा हा अशाच तिजोरीचा राखणदार होय.

या पदार्थांची पाश्चात्त्य जगातील आधुनिक कथाही एका बँकेच्या अधिकाऱ्याच्या हातूनच पुढे सरकली, हे वाचताना मला गंमत वाटली आणि थोडा संकोचही. गॉर्डन वॅसन हे न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष. अळंब्यांचा अभ्यास हा त्यांचा छंद. वेदांतील सोम म्हणजे एक प्रकारची अळंबीच, असे मत मांडणारा ग्रंथही त्यांनी पुढे १९६८ साली लिहिला. १९५५ मध्ये ते मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील हुआउत्ला या डोंगरी गावात गेले आणि मारिया साबिना या माझातेक वैदूबाईच्या रात्रविधीत बसले. तिच्या समाजात ती अळंबी रुग्णाला बरे करण्यासाठी दिली जात असे. देणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या ओळखीची, विधीस रुग्णाचे घरचे लोक हजर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड दाखवायचे ते त्याच गावात. दुसरी किल्ली गावाच्या हाती होती, असे म्हणावयास हरकत नाही. मे १९५७ मध्ये वॅसन यांचा सचित्र लेख 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकात आला. बाईचे नाव त्यांनी बदलले होते. तरी गावाचा माग लागायचा राहिला नाही. पुढील काही वर्षांत परदेशी तरुणांचे थवे तिथे लोटले, पोलीस आले, गावकऱ्यांनी सारा दोष त्या बाईवर ठेवला, तिचे घर जाळण्यात आले. १९८५ साली ती दारिद्र्यातच वारली. आलेल्यांनी अळंबी नेली. तिच्याभोवतीची व्यवस्था नेण्याचे कोणास सुचले नाही.

दुसरा प्रसंग प्रार्थनास्थळातला आहे. २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडेचा दिवस. बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलच्या तळघरात धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी बसले होते. वॉल्टर पान्के नामक संशोधकाने त्यांतील दहांना सायलोसायबिन व दहांना साधे नायासिन दिले. कोणास काय मिळाले हे आधी सांगितले नव्हते. वरच्या मंदिरातील प्रवचन ध्वनिक्षेपकावरून ऐकू येत होते. ज्यांना सायलोसायबिन मिळाले त्यांपैकी बहुतेकांनी गाढ धार्मिक अनुभव वर्णन केला आणि तो प्रयोग जगभर गाजला. मात्र त्या दहांतील एक विद्यार्थी भ्रमित होऊन चॅपेलबाहेर पडला. त्याला आवरून शांत करण्याचे इंजेक्शन द्यावे लागले. ही बाब प्रबंधात नोंदलीच गेली नाही. जवळजवळ तीन दशकांनी, १९९१ मध्ये, दुसऱ्या एका संशोधकाने त्या विद्यार्थ्यांना शोधून काढून घेतलेल्या भेटींचा निबंध प्रसिद्ध केला तेव्हा ती उजेडात आली. बँकेत रोख कमी भरली तर कोणी चोरी केली असेच होत नाही, मोजणीतही चूक होते. पण कमी भरलेली रोख वहीत न लिहिणे हा मात्र गुन्हाच मानतात.

याच्या उलट चूक आपल्याकडे इंग्रजी अमदानीत होत होती. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने देशातील वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली. अनेक रुग्णांपुढे वेडाचे कारण म्हणून 'गांजा' लिहिलेले होते. मुळाशी गेल्यावर कळले की पुष्कळ ठिकाणी रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाचा तो केवळ तर्क होता. हानी लपविणारी नोंद जितकी निरुपयोगी, तितकीच चौकशीविना हानी लिहिणारीही. आपल्या भागात चिलीम ओढणारे कित्येकदा शेगावच्या महाराजांच्या पोथीतील गांजाच्या कथेचा आधार देतात. दासगणूंनी त्याच प्रसंगी महाराज व्यसनापासून अलिप्त होते असा खुलासाही केला आहे, तेवढा भाग मात्र हे वाचक गाळतात.

असो. अलीकडच्या काळात काही ठिकाणी दोन किल्ल्यांचा विचार गंभीरपणे झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ स्वयंसेवकांवर केलेला सायलोसायबिनचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आपल्या आयुष्यातील पाच सर्वांत अर्थपूर्ण प्रसंगांत गणला. त्याच निबंधात, त्याच शाईने, हेही छापले आहे की सुमारे एक तृतीयांश लोकांना त्या दिवशी तीव्र भीतीने ग्रासले. कोणाला गंभीर इजा झाली नाही, कारण खोलीत दोन प्रशिक्षित सोबती होते, त्यांची आधी कित्येक तास ओळख झालेली होती आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. याच संशोधकांनी २००८ मध्ये सुरक्षिततेचे नियम प्रसिद्ध केले. ज्याच्या रक्ताच्या नात्यात, केवळ आई-वडील व भावंडांतच नव्हे तर काका, मामा, आजी, आजोबा यांपैकीही कोणास वेडाचा किंवा तीव्र उन्माद-अवसादाचा आजार झाला असेल, त्याला ते प्रयोगात घेतच नाहीत. पत्रातील काकांचा उल्लेख वाचून माझी नजर तिथेच खिळली, ती यामुळे.

परंतु दोन माणसे बसविली म्हणजे दोन किल्ल्या झाल्या, असेही नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथे एमडीएमए या औषधाच्या चाचणीत एका आघातग्रस्त स्त्रीजवळ दोन उपचारक होते. ते परस्परांचे पती-पत्नी होते. २०१५ मधील सत्रांत तिला धरून, जखडून ठेवल्याची दृश्ये असलेले चित्रण २०२२ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्या दोघांपैकी पुरुषाने तिच्याशी शरीरसंबंध ठेवल्याचे प्रायोजक संस्थेने २०१९ मध्ये जाहीर केले होते. कॅमेरा चालू होता. त्यातले वेळीच कोणी पाहिले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता नाकारून आणखी चाचणी मागितली, आणि त्याच महिन्यात एका शोधपत्रिकेने या संशोधनाचे तीन निबंध मागे घेतले. त्याच्या कारणांत या केंद्रावरील गैरवर्तन होते. आपल्या पेढ्यांतही हे नवे नाही. एका घरातील दोघांच्या सह्या असल्या तर कागदावर त्या दोन दिसतात, हिशेबतपासनीस मात्र त्यांना एकच धरतो.

अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२० मध्ये जनमताने सायलोसायबिनच्या परवानाधारक केंद्रांना वाट मोकळी केली आणि २०२३ पासून ती उघडली. तेथे सोबत्याला प्रशिक्षण व परवाना आवश्यक आहे. आधी स्वतंत्र तयारीची बैठक घ्यावी लागते. गेल्या ३० दिवसांत लिथियम घेतलेल्यास प्रवेश नाही. खांद्यावर हात ठेवायचा तरी त्याची संमती शुद्धीत असताना, आधीच लेखी घ्यावी लागते. ब्राझीलमध्ये आयाहुआस्काचे धार्मिक सेवन विधिसंमत आहे, पण २०१० च्या शासकीय नियमांनी त्याची विक्री आणि जाहिरात निषिद्ध ठेवली असून नवागताची आधी मुलाखत घेण्यास सांगितले आहे. आपण व्यापारी माणसे. ज्या देशाने या काढ्याला धर्मात स्थान दिले त्याने तो बाजारात येऊ दिला नाही, हे आपल्याला अधिक चटकन उमगावे.

आता आपला देश. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातील मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत एलएसडी, सायलोसायबिन, एमडीएमए आणि आयाहुआस्कातील डीएमटी हे सर्व आहेत. वैद्यकीय वा शास्त्रीय कारणासाठी रीतसर परवानगी असल्याखेरीज ते बाळगणे, देणे, घेणे हा गुन्हा आहे. 'ही तर वनस्पती आहे' हे उत्तर शिबिरांतून ऐकू येते; गांजाही वनस्पतीच आहे. शेतघरे असणाऱ्या आपल्या कुटुंबांनी याच कायद्याचे कलम २५ अवश्य वाचावे: आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणारा मालकही शिक्षेस पात्र ठरतो. 'योगशिबिरासाठी' म्हणून दोन रात्रींकरिता जागा मागणाऱ्याकडून लेखी करार आणि ओळखपत्रे घेण्यास संकोच करू नये.

कायदा मोडतो म्हणून शिबिर वाईट, एवढ्यावरच मी थांबलो तर तरुण वाचक पान उलटतील, आणि ते अगदीच चुकीचेही ठरणार नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. रात्री दोन वाजता एखादा मुलगा बेशुद्ध पडला, झटके येऊ लागले, किंवा कड्याच्या दिशेने धावत सुटला, तर त्या क्षणी आयोजकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची की नाही? बोलवावी तर पोलीस येणार, न बोलवावी तर मुलगा जाणार. ज्याच्या हाती तुमच्या मुलाचे मन आणि शरीर दोन्ही आहेत, त्याचा स्वतःचा स्वार्थ त्याच क्षणी तुमच्या मुलाच्या हिताविरुद्ध उभा राहतो. तो माणूस कितीही सात्त्विक असो. बँकेच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, आणि असा संघर्ष जिथे दिसतो तिथे आम्ही त्या माणसाचे चारित्र्य तपासत बसत नाही. त्याच्याकडून किल्ली काढून घेतो. गुप्त शिबिरात दुसरी किल्ली घेणारा कोणीच असू शकत नाही: ना डॉक्टर, ना तपासनीस, ना ग्राहक मंच, ना सकाळी तोंड दाखवायला लागणारे गाव.

ताईंना मी जे उत्तर पाठविले ते असे. मुलाशी धर्म-व्यसनाचा वाद घालू नका. तो तुम्हाला जुन्या विचारांच्या ठरवून मोकळा होईल. त्याला दोन गोष्टी सांगा आणि त्या आपल्या डॉक्टरांकडून पडताळून घ्यायला सांगा. पहिली काकांची, वर लिहिली आहे ती. दुसरी गोळ्यांची. आयाहुआस्काच्या काढ्यात असे घटक असतात की उदासीनतेवरील प्रचलित गोळ्यांशी त्यांचा संयोग झाल्यास शरीरात सिरोटोनिन धोकादायक पातळीस जाऊ शकते. ताप, थरथर, झटके, क्वचित मृत्यूही. म्हणून शिबिरवाले गोळ्या बंद करा म्हणतात. पण त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीविना अकस्मात सोडल्या तर मूळ आजार उसळून येतो, आणि आत्मघाताचे विचार परतण्याची भीती याच काळात असते. काही गोळ्यांचा अंश दोन आठवड्यांनीही शरीरातून पुरता जात नाही. म्हणजे घेऊन गेला तर एक संकट, सोडून गेला तर दुसरे; आणि या दोहोंचा हिशेब मांडणारा जाणकार त्या फार्महाउसवर कोणी नाही. दोन वर्षांत पुरते बरे वाटत नाही ही मुलाची तक्रार मात्र खरी आहे, तिची टाळाटाळ नको. औषध बदलता येते, समुपदेशनाची जोड देता येते, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेता येते. हट्टी उदासीनतेवर केटामाइन हे भुलीचे औषध काही रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रक्तदाब मोजत, कायदेशीररीत्या दिले जाते. त्याविषयी विचारण्यात काहीही गैर नाही. आणि एवढे करूनही तो गेलाच, व मध्यरात्री कोणाचा फोन आला, तर प्रथम रुग्णालय गाठा आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे खरे सांगा. अब्रूचा विचार दुसऱ्या दिवशी करता येईल.

काहीही न घेता, केवळ मौन, उपवास आणि एकाग्रता यांनीही मन असेच उघडते, हे तपस्या करणाऱ्या आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. तेथे दहा दिवसांच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे यांची विचारणा असते, शुल्क नसते, आणि दानही शिबिर पूर्ण केल्यावरच स्वीकारतात. आपल्याकडे अठाई, मासखमण करणाऱ्यांजवळ घरातील जाणती माणसे असतात, रोजचे पच्चक्खाण रोज घेतले जाते. श्वेतांबर परंपरेच्या पच्चक्खाणात जे आगार उच्चारतात त्यांत एक समाधीचा आगार आहे: तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली तर औषध घेतल्याने पच्चक्खाण भंगत नाही. बाहेर पडण्याचा दरवाजा व्रताच्या शब्दांतच ठेवलेला आहे. मोबाइल काढून घेणाऱ्या आणि मध्येच निघून जाणाऱ्यास 'प्रक्रिया अर्धवट सोडू नको' म्हणून बसवून ठेवणाऱ्या शिबिराला हा दरवाजा कुठे आहे, ते विचारावे.

हे सारे पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्या मुलांपुरते आहे, असा समज कृपया करून घेऊ नये. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथील यात्रेला अनेक राज्यांतून सर्व धर्मांचे लोक येतात, नारळांची होळी पेटते, आणि मनोरुग्णांना बरे वाटावे म्हणून घेऊन येणारी कुटुंबे वर्षभर येत राहतात. आपल्या समाजातील कुटुंबेही त्यांत असतात. ती मागच्या दाराने जातात इतकेच. श्रद्धेने रुग्णाला आणि विशेषतः थकलेल्या घरच्यांना आधार मिळतो, हे मी नाकारणार नाही. घुमणारा, अंगात आलेला, भान हरपलेला माणूसही त्या काढा प्यायलेल्या मुलाइतकाच परस्वाधीन असतो, आणि त्याच्या बाबतीतही प्रश्न तोच: किल्ली कोणाकडे? रुग्णांना साखळीने बांधून ठेवल्याच्या बातम्या तेथून वेळोवेळी वृत्तपत्रांत आल्या आहेत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवासाच्या झोपडीला पहाटे आग लागली आणि साखळ्यांत अडकलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. भूत उतरविण्याच्या बहाण्याने बांधणे वा मारहाण करणे हा आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हा आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात याला एक शहाणपणाचे उत्तर शोधले गेले. तेथील मुजावरांना हुसकावले नाही आणि त्यांची चेष्टाही केली नाही. मानसिक आजाराची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण दिले आणि दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय केली. दुआ मुजावर करतात, मग तेच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवितात. 'दवा आणि दुआ' असेच त्या उपक्रमाचे नाव आहे. रुग्ण श्रद्धेच्या ठिकाणीच राहतो, पण त्याच्यावर दोन वेगवेगळ्या माणसांची नजर असते, आणि ती दोन माणसे एका घरची नसतात.

शेवटी कामाचे दोन तपशील. 'टेली-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते आणि रात्रीही लागते. दुसरा तपशील माझ्या आवडीचा, कारण तो नामनिर्देशनाचा आहे. वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती, ती निरोगी असतानासुद्धा, आपल्या मानसिक आजारपणात आपल्या वतीने निर्णय घेण्यास साहाय्य करील असा प्रतिनिधी नेमू शकते. ठेवीला नॉमिनी लावतो तसेच हे. मुद्रांक लागत नाही, नोटरी लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा करावा, आणि ज्याला नेमले त्याची संमतीही लेखी घ्यावी. ताईंच्या मुलाने कोणाचे नाव लिहायचे ते त्याचे त्याने ठरवावे. आईचेच असले पाहिजे असा नियम नाही, एखादा समजूतदार मित्रही चालतो.